खालून काढलेले फोटो

शार्शेनबेकांच्या दोन नाकपुड्या सारख्या नव्हत्या. उजवी किंचित लांबट होती, डावी जवळजवळ गोल, आणि मधली भिंत अगदी थोडी डावीकडे कललेली. एका घरात इतकी वर्षं काढूनही बुरुलायला हे माहीत नव्हतं, कारण सुनेनं सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघायचं नसतं. आता मात्र ते कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मोठं होऊन समोर आलं होतं आणि नाकारता येण्यासारखं नव्हतं. सकाळपासून काढलेल्या प्रत्येक फोटोत नाकपुड्या होत्या. डोळे मोजक्याच फोटोंत सापडले.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. बुरुलाय काराकोलच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करायची. यंत्रावर खापर फोडण्याआधी ते कोण, कुठे उभं राहून वापरतंय हे बघायची तिला सवय होती. सून सासऱ्यांपेक्षा उंच जागी उभी राहत नाही. त्यांच्याकडे पाठ करत नाही. त्यांचं नाव घेत नाही, त्यांच्यासमोर आवाज चढवत नाही, आणि 'असं करा, तसं करा' हे तर मुळीच सांगत नाही. शार्शेनबेक ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते आणि बुरुलाय खाली अंगणात होती. त्यामुळे फोटोत आधी हनुवटी, मग मिशा, मग त्या नाकपुड्या, आणि पार वर, दूर क्षितिजावर असावी तशी, पांढरी टोपी.

"कोणी मान जरा खाली घेतली," बुरुलाय शेजारच्या सफरचंदाच्या झाडाला म्हणाली, "तर उजेड चांगला पडेल."

शार्शेनबेक झाडाकडे बघत राहिले. मान खाली घेतली ती कुंपणावर रेललेल्या तोक्तोसूननं. तोक्तोसून हा शेजारी. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाला होता आणि आता रस्ता दाखवण्याची सवय त्याला घरोघरी फिरवत असे.

"सूनबाई, तुझ्या कॅमेऱ्याला डोळा एकच," तो म्हणाला. "माझ्या फोनला तीन आहेत. आधी विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

हा सगळा खटाटोप एका बॅनरसाठी होता. शार्शेनबेकांची सत्तरी साजरी व्हायची होती, आणि समारंभाच्या दालनात सत्कारमूर्तींचं भिंतभर बॅनर लावल्याशिवाय पाहुणे आपण नक्की कोणाकडे आलोय अशा शंकेनं जेवतात. जुना एक फोटो होता, तरुणपणचा. छपाईवाल्यानं तो मोठा करून दाखवला तेव्हा शार्शेनबेकांच्या जागी करड्या ठिपक्यांची वाळू दिसली. नवा फोटो हवा असं ठरलं. घरात चांगला कॅमेरा होता तो बुरुलायकडे. सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाऊन ती दगडांवरच्या शेवाळाचे फोटो काढत असे. शेवाळ हलत नाही, आणि त्याला काही सांगावंही लागत नाही.

"बागेत झाडाखाली किती छान येईल," सासूबाई म्हणाल्या.

"असनकादिरच्या बॅनरवर काय होतं?" शार्शेनबेकांनी विचारलं.

असनकादिर म्हणजे त्यांचे व्याही, लेकीचे सासरे. त्यांच्या सत्तरीच्या बॅनरवर ते घोड्यावर बसलेले होते आणि मनगटावर गरुड होता. गरुड भाड्यानं आणलेला होता हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बॅनरवर मात्र तसं लिहिलेलं नव्हतं.

"मी कश्का-बेलच्या खिंडीत उभा राहणार," शार्शेनबेक म्हणाले. "भूगर्भ संशोधकांची घोडी मी त्या खिंडीतून पलीकडे नेलीत. आणि मी चालत जाणार. घोड्यावर बसून गेलं तर घोडा चढला म्हणतात."

हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी उंचावर जाऊ नका असं बजावलं होतं. हा सल्ला शार्शेनबेकांनी नीट ऐकून घेतला होता आणि नंतर भेटेल त्या म्हाताऱ्याला दिला होता.

बुरुलायला त्याच क्षणी बोलायचं होतं, 'नको' एवढंच. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. एर्निस वीज कचेरीत नोकरीला होता, रोज कोणाची ना कोणाची तरी वीज तोडायचा. पण वडिलांसमोर त्याच्या तोंडून वाक्य निघायचं ते 'हो बाबा' एवढ्याच लांबीचं.

"हो बाबा," एर्निस म्हणाला.

रात्रीची भांडी आवरताना सासूबाईंनी बुरुलायच्या पिशवीत गोळ्यांची डबी घातली. "तू कॅमेऱ्यातून बघतेसच ना, तर बघत राहा, बाळ. नजरेआड होऊ देऊ नकोस. पण बघतेयस हे त्यांना कळता कामा नये."

"अपाके, तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी? पाहुण्यांना सांगून झालंय गं आता."

पाहुणे म्हणजे असनकादिर. सासूबाईंनी फोनवर लेकीची खुशाली विचारता विचारता सहलीचा विषय काढला होता, आणि व्याह्यांना सहलीची बातमी सांगून आमंत्रण न देणं म्हणजे नातंच तोडणं. व्याहीही मोठे सज्जन. आमंत्रण आल्यावर न येणं म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक. त्यांनी घोड्याच्या मांसाचं भरलेलं आतडं पाठवलं आणि मागोमाग स्वतः आले. आल्यावर मानाचा पोशाख चढवणं भाग होतं. सासूबाईंनी ट्रंकेतून मखमली अंगरखा काढला. पाय झाकेल इतका लांब होता आणि थंडीसाठी आत लोकर भरलेली होती. व्याह्यांनी तो अंगात घातला. एकदा घातलेला मानाचा अंगरखा यजमानांसमोर उतरवता येत नाही, म्हणून ते डोंगरावरही तोच घालून निघाले. तोक्तोसून चहा उकळायचा भलामोठा समोवार घेऊन आला. समोवारासाठी घोडा लागला. अशा रीतीनं एका म्हाताऱ्याचा एक फोटो काढायला चार माणसं, एक घोडा आणि मखमल अशी वरात निघाली. बुरुलायनं स्वतःला त्यात धरलं नव्हतं. फोटो काढणाऱ्याला कोणी धरत नाही.

खिंडीच्या वाटेवरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं बुरुलायच्या पाठीवरची कॅमेऱ्याची तिपाई पाहिली आणि दांडा खाली केला.

"तिपाई म्हणजे चित्रपट," तो म्हणाला. "चित्रपटाला कागद लागतो."

"घरचा फोटो आहे हो," एर्निस म्हणाला.

"घरचा घरी काढायचा. इथे काढला की सरकारी जागेतला झाला. कागद आणा. कागदावर जिल्ह्याचा शिक्का. आणि शिक्क्यासाठी कोण कोण फोटोत येणार त्यांनी स्वतः हजर राहायचं."

"डोंगरसुद्धा फोटोत येणार आहे," तोक्तोसून म्हणाला. "त्यालाही न्यायचा का जिल्ह्याला?"

पहारेकरी जास्तच ताठ झाला. बुरुलायला मनातून इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. कागद नाही, परवानगी नाही, घरी चला. कोणाला काही बोलावं लागणार नाही. सरकारनंच बोलून टाकलं होतं. पण शार्शेनबेक पुढे आले, त्यांनी शांतपणे तिपाई तिच्या पाठीवरून काढून घेतली, मिटवली आणि जमिनीवर टेकवून तिच्यावर रेलून उभे राहिले.

"ही माझी काठी."

पहारेकऱ्यानं खाली पाहिलं. "अक्सकाल," तो म्हाताऱ्याला मान देत म्हणाला, "काठीला तीन पाय?"

"वय झालं की लागतात."

वडीलधाऱ्या माणसाला खोटं पाडायला पहारेकऱ्याची जीभ रेटेना. तो कर्मचारी होता, पण आधी कोणाचा तरी मुलगा होता. त्यानं दांडा वर केला. मग ओळख निघाली, त्याची आई शार्शेनबेकांच्या चुलतभावाच्या गावची निघाली, आणि पाव तोडून तोंडात घातल्याशिवाय निघायचं नाही असं ठरलं. समोर आलेल्या पावाकडे पाठ फिरवून या मुलखात अजून कोणी गेलेलं नाही. पावाबरोबर चहा आला, चहाबरोबर लोणी आलं. बुरुलाय पावाचा तुकडा चघळत पूर्वेकडे बघत राहिली. डोंगरांवरचा गुलाबी कोवळा उजेड तिथे होता, तिच्या डोळ्यांसमोर तो पिवळा झाला, मग पांढरा. चांगला फोटो बरणीतल्या लोण्याबरोबर संपत चालला होता. आणि तिपाई आता काठी झाली होती, म्हणजे ती परत मागता येणार नव्हती.

वर कुरणात उन्हाळ्यासाठी आलेल्या मेंढपाळांचे तंबू होते. प्रत्येक तंबूच्या दारात कोणीतरी उभं होतं आणि प्रत्येक जण कोणाचा तरी कोणीतरी होता. प्रत्येक ठिकाणी पाव तोडला गेला. प्रत्येक ठिकाणी घोडीच्या दुधाचं आंबट कुमीस भरभरून वाडगे आले. व्याह्यांनी वाडगा रिकामा केला की शार्शेनबेकांना करावा लागे, आणि शार्शेनबेकांनी केला की व्याह्यांना. जेवताना कोणी हरत नव्हतं. ही बाब पुढे चढावर महाग पडणार हे बुरुलायला दिसत होतं, पण मोठ्यांच्या वाडग्यात काय किती आहे हे मोजणारी सून चांगली दिसत नाही.

शेवटच्या तंबूतली म्हातारी दारात येऊन आभाळाकडे बघत म्हणाली, "खिंडीवर ढग बसलाय. आज बसलाय तो उठायचा नाही."

"ढग फोटोत चांगला दिसतो," तोक्तोसून म्हणाला. "मागे ढग नसेल तर लोकांना वाटतं आपण दुकानात काढला."

'आता बोलायचं,' बुरुलायनं ठरवलं. ओढा ओलांडेपर्यंत तिनं वाक्य जुळवलं. ओढ्यापलीकडे ते तिला उद्धट वाटलं, म्हणून पुन्हा जुळवलं. तोवर सगळे दगडगोट्यांच्या उतारावर पोचले होते आणि चढणीवर माणूस धापा टाकत असताना त्याच्याशी सौजन्यानं बोलता येत नाही.

आता त्या चढणीची तऱ्हा सांगायला हवी. शार्शेनबेक थोडं चालत आणि थांबत. थांबले की व्याह्यांना, म्हणजे आपल्या कुदांना, म्हणत, "कुदा, काय देखावा आहे!" असनकादिरांचा चेहरा अंगरख्याच्या कॉलरीत शिजून लाल झाला होता. ते लगेच थांबत आणि म्हणत, "देखावा काय विचारता, कुदा! बघत राहावं."

"तुम्ही दमला नाहीत ना?"

"मी? छे! तुम्ही?"

"मी कशाला दमतोय?"

मग दोघंही नाइलाजानं पुढे निघत. यजमानानं 'परत जाऊ' म्हणणं म्हणजे पाहुण्याला अर्ध्या वाटेवरून हाकलणं. पाहुण्यानं म्हणणं म्हणजे यजमानाच्या सत्तरीला गालबोट. तोक्तोसून दोघांहून लहान, त्यानं काय म्हणायचं? एर्निस तर मुलगाच. ती सगळी माणसं मनातून खाली निघाली होती आणि पायांनी वर चढत होती. बुरुलायनं प्रयोगशाळेत पुष्कळ अजब गोष्टी पाहिल्या होत्या, पण केवळ आदराच्या जोरावर वजन वर चढताना ती पहिल्यांदाच बघत होती.

ती सर्वांत मागे होती. शिष्टाचार आणि काळजी या दोन्हींसाठी ती जागा सोयीची होती. सासऱ्यांकडे निरखून बघता येत नसलं तरी लांबच्या भिंगातून बघायला कोणाची हरकत नव्हती. त्याला फोटो काढणं म्हणतात. तिनं भिंग वर धरलं, शार्शेनबेक वळले, 'देखावा' म्हणाले, आणि तिला त्यांचे ओठ दिसले. ते निळसर होते.

ती घाबरली नाही, म्हणजे घाबरली, पण आधी कॅमेऱ्याच्या मागे लागली. ढगाखाली, बर्फाच्या कडेला सावलीत सगळंच निळं दिसतं. तिनं रंगाचं मोजमाप नीट लावून घेतलं. राखाडी दगडावर धरून पाहिलं, दगड राखाडी आला. पुन्हा ओठ, पुन्हा निळे. मग तुलनेसाठी त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावर असनकादिर. ओठ लालबुंद. तोक्तोसून, तांबूस. घोडा, घोड्याच्या रंगाचा. मग परत शार्शेनबेक. या वेळी तिनं हातही पाहिला. तिपाई धरलेल्या हाताची नखं ओठांसारखीच होती, आणि तो हात तिपाईवर टेकलेला नव्हता, तिला लोंबकळत होता.

कॅमेऱ्याचा दोष नव्हता. आता आणखी काही तपासायचं उरलं नव्हतं, आणि हेच वाईट होतं.

ती भराभर वर गेली, पण बाजूनं, त्यांना ओलांडून पुढे न जाता. गोळ्यांची डबी तिनं एर्निसच्या हातात दिली. "बाबांना दे. आणि परत फिरायला सांग. आत्ता. ओठ बघ त्यांचे."

एर्निसनं ओठ पाहिले आणि त्याचेही पांढरे पडले. "मी कसं सांगू? व्याह्यांच्या समोर?"

"मग व्याह्यांना बाजूला घे."

"बाजूला कुठे घेऊ? इथे बाजूच नाही."

हे खरं होतं. उतारावर एकच पायवाट होती. एर्निसनं वडिलांना डबी दिली, तीही अशी की पेपरमिंट देतोय. शार्शेनबेकांनी गोळी घेतली, आणि घेतल्यावर डबी व्याह्यांपुढे धरली. पाहुण्याला न देता खायचं कसं? असनकादिरही घेणार होते. सौजन्यापोटी त्यांनी हात पुढेही केला. एर्निसनं झडप घालून डबी मिटली आणि व्याह्यांची क्षमा मागू लागला. क्षमा मागायला वेळ गेला, कारण व्याह्यांचा अपमान मोठा होता.

तोवर पहिल्या गारा पडल्या. मटाराएवढ्या. समोवाराच्या पत्र्यावर त्या टणटण वाजल्या आणि घोडा कान मागे टाकून उभा राहिला. वर, खिंडीतली दगडांची रास एकदा दिसली आणि ढगात गेली.

"पोचलोच!" शार्शेनबेक म्हणाले. त्यांनी एका खडकावर बैठक मारली. बसले म्हणण्यापेक्षा खडक त्यांच्याखाली आला. "जरा टेकू. मग वर जाऊ. काय, कुदा?"

"तुम्ही म्हणाल तसं, कुदा," असनकादिर धापा टाकत म्हणाले.

बुरुलाय खाली उभी होती, नेहमीप्रमाणे. तिनं सुरुवात केली, आणि अर्थातच खडकाला उद्देशून. "कोणी खाली उतरलं, तर खाली उजेड चांगला आहे."

"इथला उजेड काय वाईट आहे?" शार्शेनबेक म्हणाले. प्रत्येक शब्दानंतर ते थांबत होते. "ढग... मागे... चांगला दिसतो."

"माझी बॅटरी संपली आहे," बुरुलाय म्हणाली. सासरी बोललेलं तिचं हे पहिलं खोटं. ते तिनं दोन्ही हातांनी कॅमेरा घट्ट झाकून सांगितलं.

"काळजी नको!" तोक्तोसूननं खिशातून फोन काढला. "तीन डोळे!"

"कोणाला वाटलं," ती आवाज थोडा चढवून म्हणाली, "की वरचा फोटो नंतर कधीतरी काढावा, आणि आज इथलाच..."

"इथे काय आहे?" शार्शेनबेक म्हणाले. "इथे दगड आहेत. दगड... असनकादिरच्या बॅनरवर पण आहेत."

"माझ्या बॅनरवर दगड नाहीत," असनकादिर म्हणाले.

"कोपऱ्यात आहेत."

"कुठल्या कोपऱ्यात?"

आणि गारांच्या माऱ्यात, दगडांच्या त्या उतारावर, बॅनरच्या कोपऱ्यावरून दोन्ही व्याही वाद घालू लागले. खरं तर वाद असनकादिर एकटेच घालत होते. शार्शेनबेकांचं उत्तर आलं नाही. त्यांनी तोंड उघडलं होतं, पण ते श्वासासाठी. एर्निस "बाबा" म्हणाला आणि तिथेच थांबला. तोक्तोसून फोन धरून उभा होता, त्याच्या तिन्ही डोळ्यांवर गारांचं पाणी ओघळत होतं. कोणीतरी बोलेल म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. बघता बघता ते सगळे, एकेक करून, बुरुलायकडे वळले. कदाचित ती अजून काहीतरी झाडाला किंवा खडकाला सांगेल म्हणून.

आसपास झाड नव्हतं. एकुलत्या एका खडकावर सासरे बसले होते.

तिनं कॅमेरा गळ्यातून काढला आणि पिशवीत ठेवून दोरी बांधली. मग ती पायवाट सोडून घसरत्या दगडांवरून वर चढली, असनकादिरांच्या मखमली बाहीला धक्का देत, एर्निसला ओलांडून, शार्शेनबेकांच्याही वर. तिथून सासऱ्यांचा चेहरा तिला पहिल्यांदाच वरून दिसला. टोपीखालचं कपाळ, त्यावर घाम, आणि दोन डोळे. ते डोळे तिच्याकडे असे बघत होते की हा माणूस कुरणापासून कोणाची तरी वाट बघतोय हे तिला कळून चुकलं.

तिचा डोक्यावरचा रुमाल वाऱ्यानं मागे उडाला. तो तिनं सावरला नाही.

"अताके," बुरुलाय थेट सासऱ्यांना म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की घोड्यानंही मान वळवली. "अताके, उठा. एर्निस, बाबांचा दंड धर. तोक्तोसून-बायके, समोवार फेका खाली आणि घोडा बाबांसाठी मोकळा करा. फोटो होणार नाही. आपण खाली जातोय."